कागदी पावत्यांवरची तेजी

सरकारी रोख्यांच्या व्यवहारात बँका पूर्वी एकमेकींना प्रत्यक्ष रोख्यांऐवजी ‘बँक पावती’ देत. मुंबईतील दलाल हर्षद मेहता याने नेमकी हीच फट हेरली. बँक ऑफ कराडसारख्या छोट्या बँकांनी हाती रोखे नसतानाही पावत्या फाडल्या. त्यांच्या जोरावर मोठ्या बँकांकडून उचललेला पैसा शेअर बाजारात ओतला गेला आणि एसीसी या सिमेंट कंपनीचा शेअर काही हजारांच्या घरात पोहोचला. एप्रिल १९९२ मध्ये पत्रकार सुचेता दलाल यांनी प्रकरण उजेडात आणले, बाजार कोसळला. चौकशीसाठी नेमलेल्या जानकीरामन समितीने घोटाळ्याचा आकडा सुमारे ४,००० कोटी रुपये काढला. बँक ऑफ कराड बुडाली. दलालाच्या हावेइतकाच, पावतीमागचे रोखे न तपासणाऱ्या बँकांचा नफ्याचा मोहही याला जबाबदार होता.