मायक्रोकंट्रोलरवरील सेटिंगचा फॉर्म : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गच्चीवरील टाकीत पाणी चढवणाऱ्या मोटरचा टायमर असो, दुकानाबाहेरची एलईडी पाटी असो की हरितगृहातील तापमान मोजणारी पेटी असो, अशा लहान उपकरणांना स्वतःचा कळफलक नसतो आणि बहुधा पडदाही नसतो. तरीही वाय-फायचे नाव, त्याचा पासवर्ड, मोटर सुरू होण्याची वेळ अशा गोष्टी त्यांना कधीतरी सांगाव्याच लागतात. शांघाय येथील एस्प्रेसिफ सिस्टिम्स या कंपनीची ईएसपी ८२६६ ही वाय-फाययुक्त चिप २०१४ च्या सुमारास हौशी तंत्रज्ञांच्या हाती आली, तिच्यामागून २०१६ मध्ये ईएसपी ३२ आली आणि उपकरणाने स्वतःच एक वेब पान पुरवावे, वापरणाऱ्याने ते मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडून भरावे, ही पद्धत रूढ झाली. टास्मोटा, डब्ल्यूएलईडी यांसारख्या मुक्तस्रोत फर्मवेअरमध्ये, म्हणजे चिपमध्ये कायम भरून ठेवलेल्या आज्ञावलींमध्ये, अशी पाने तयारच मिळतात. परंतु आपल्या उपकरणासाठी आपला स्वतंत्र फॉर्म बांधू पाहणाऱ्यांच्या मनात काही समजुती घट्ट बसलेल्या आढळतात. त्यांपैकी बहुतेकींचे मूळ एकच आहे : फॉर्म कोठे चालतो आणि त्यात भरलेल्या मजकुराचा निर्णय कोणी घ्यायचा, याविषयीचा घोटाळा.

गैरसमज १ : वेब पान पुरवायचे तर मोठा सर्व्हर आणि भरपूर मेमरी हवी.

वस्तुस्थिती : सर्व्हर म्हणजे आलेली मागणी वाचून तिला ठरावीक नियमांनी उत्तर देणारा कार्यक्रम, एवढाच त्याचा अर्थ आहे, आणि हे काम अत्यंत लहान चिपलाही जमते. आर्डुइनो ऊनोवरील एटीमेगा ३२८पी या मायक्रोकंट्रोलरची रॅम, म्हणजे चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी, अवघी २ किलोबाइट असते, तरी इथरनेट शील्ड जोडून त्यावरून साधे पान देता येते. ईएसपी ८२६६ मध्ये वाय-फाय सुरू झाल्यानंतर साधारणतः ४० ते ५० किलोबाइट रॅम मोकळी राहते आणि ईएसपी ३२ मध्ये तर एकूण ५२० किलोबाइट रॅम आहे. अडचण येते ती पानाच्या आकारामुळे नव्हे, तर ते बांधण्याच्या रीतीमुळे. संपूर्ण पान रॅममध्ये एकाच लांब स्ट्रिंगला तुकडे जोडत जोडत तयार केले, तर प्रत्येक जोडणीगणिक नवी, अधिक मोठी जागा मागितली जाते, जुनी जागा मोकळी होऊनही विखुरलेली राहते आणि काही दिवस बिनतक्रार चाललेले उपकरण अचानक बंद पडून पुन्हा सुरू होते. पानाचा स्थिर भाग फ्लॅश मेमरीत, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या साठ्यात ठेवावा आणि बदलता भाग तुकड्यातुकड्यांनी ब्राउझरकडे पाठवावा, हा त्यावरचा उपाय होय. स्थिर भाग जीझिप पद्धतीने आधीच आवळून ठेवला आणि उत्तराच्या शीर्षभागात तशी नोंद केली, तर तो उलगडण्याचे कामही ब्राउझरच करतो.

गैरसमज २ : फॉर्म मराठीत दाखवायचा तर चिपमध्ये देवनागरी फॉन्ट भरावा लागतो.

वस्तुस्थिती : उपकरणाला स्वतःचा लहान ओलेड पडदा जोडलेला असेल तर त्यावर देवनागरी उमटवण्यासाठी फॉन्ट लागतो आणि जोडाक्षरे जुळवण्याची व्यवस्थाही करावी लागते, हे खरे, परंतु वेब पानाच्या बाबतीत चिप केवळ मजकुराचे बाइट पाठवते आणि अक्षरे रेखाटण्याचे काम मोबाइल किंवा संगणक आपल्याजवळील फॉन्टने करतो. चिपने एवढेच करायचे, की मजकूर यूटीएफ-८ या संकेतप्रणालीत ठेवायचा आणि तो त्या प्रणालीत असल्याचे उत्तराच्या शीर्षभागात किंवा पानाच्या आरंभी सांगायचे. ही एक ओळ राहून गेली तर ब्राउझर संकेतप्रणालीचा अंदाज बांधतो आणि ‘मोटर’ ऐवजी अनाकलनीय चिन्हांची रांग दिसते. मराठीची किंमत द्यावी लागते ती जागेच्या रूपाने, कारण यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला, त्यात काना, मात्रा, वेलांटी आणि पायमोड्याचे चिन्हही आले, तीन बाइट लागतात.

गैरसमज ३ : रकान्याला मर्यादा घातली की चुकीची माहिती चिपपर्यंत येऊच शकत नाही.

वस्तुस्थिती : ‘हा रकाना आवश्यक आहे’, ‘किमान इतके, कमाल इतके’, ‘एवढीच अक्षरे’ अशा मर्यादा एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाची रचना सांगणाऱ्या भाषेत, लिहिता येतात, परंतु त्या पाळण्याचे काम ब्राउझरकडे असते. ब्राउझरला वगळून थेट चिपकडे मजकूर पाठवणे कोणालाही शक्य असते आणि त्या वेळी या मर्यादांपैकी एकही आड येत नाही. म्हणून ब्राउझरमधील तपासणी ही भरणाऱ्याची सोय समजावी आणि खरी तपासणी फर्मवेअरमध्ये करावी.

ब्राउझर प्रामाणिकपणे वापरला तरीही चुका होतात, आणि भारतीय वेळ हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. जागतिक प्रमाणवेळेपासूनचा फरक तासांत विचारणारा संख्येचा रकाना ठेवला आणि त्याची पायरी सांगितली नाही, तर ब्राउझर ती १ धरतो आणि ५.५ ही संख्या अमान्य ठरवतो. हा अडथळा टाळण्यासाठी रकाना साध्या मजकुराचा केला, तर आर्डुइनो पद्धतीच्या फर्मवेअरमध्ये मजकुराची पूर्णांक संख्या करणारी नेहमीची आज्ञा ‘५.५’ मधील दशांश सोडून देते आणि घड्याळ अर्धा तास मागे पडते. तीच आज्ञा संख्या न सापडल्यास शून्य परत देते. त्यामुळे भरणाऱ्याने खरोखर शून्य लिहिले, रकाना मोकळा ठेवला की देवनागरी अंकांत ‘३०’ लिहिले, हे तिच्या उत्तरावरून कळत नाही, कारण तिला फक्त रोमन लिपीसोबत वापरले जाणारे अंक ओळखता येतात. मराठी कळफलकावरून भरल्या जाणाऱ्या फॉर्मसाठी देवनागरी अंकांचे रूपांतर आधी करून घेणे आणि मजकुरात अंकांव्यतिरिक्त काही आढळल्यास तो स्पष्टपणे नाकारणे, या दोन्ही गोष्टी आवश्यक ठरतात. वेळेच्या फरकासाठी तर तास विचारण्यापेक्षा देशांची यादी द्यावी किंवा ३३० अशी मिनिटांतील पूर्णांक संख्या साठवावी, हे उत्तम.

लांबीच्या मर्यादेचा सापळा याहून सूक्ष्म आहे. वाय-फायच्या नावाला ३२ बाइटांची मर्यादा असते, म्हणून फॉर्म बांधणारा त्या रकान्याला कमाल ३२ अशी मर्यादा घालतो. परंतु ब्राउझर बाइट मोजत नाही, तो चिन्हे मोजतो. उपकरणाच्या स्वतःच्या वाय-फायला कोणी ‘पुणे कार्यालय’ असे नाव दिले, तर मधली मोकळी जागा धरून त्यात १३ चिन्हे भरतात आणि ब्राउझर ते विनातक्रार स्वीकारतो. मात्र देवनागरीच्या १२ चिन्हांचे ३६ आणि मोकळ्या जागेचा १ असे त्याचे ३७ बाइट होतात. फर्मवेअरने ते ३२ बाइटांवर सरळ छाटले तर छेद एका चिन्हाच्या मधोमध जातो आणि नावाच्या शेवटी तुटलेला अवशेष उरतो. प्रवासात तर हा मजकूर आणखी फुगतो, कारण फॉर्मच्या नेहमीच्या पद्धतीत अशा प्रत्येक बाइटऐवजी टक्केचिन्ह आणि दोन षोडशमान अंक अशी तीन अक्षरे पाठवली जातात, आणि हेच नाव चिपकडे १०९ अक्षरे होऊन येते. मजकूर साठवण्याची जागा ठरवताना हा हिशेब धरावा लागतो. वाय-फायच्या पासवर्डचा नियम त्याहून वेगळा असून डब्ल्यूपीए २ पद्धतीत तो ८ ते ६३ अक्षरांचा आणि केवळ आस्की संचातील अक्षरांचा असावा लागतो, म्हणजे देवनागरी पासवर्ड तेथे चालत नाही.

गैरसमज ४ : पानावर दिसणारा प्रत्येक रकाना चिपकडे पाठवला जातो.

वस्तुस्थिती : ज्या रकान्याला एचटीएमएलमध्ये नाव दिलेले असते तोच पाठवला जातो, केवळ ओळखचिन्ह दिलेला रकाना पानावर व्यवस्थित दिसतो, भरताही येतो, पण चिपपर्यंत पोहोचत नाही. निष्क्रिय केलेला रकानाही पाठवला जात नाही. सर्वाधिक गोंधळ मात्र खूण करण्याच्या चौकटीमुळे, म्हणजे चेकबॉक्समुळे होतो. चौकटीत खूण असेल तर तिचे नाव आणि मूल्य पाठवले जाते. खूण नसेल तर ‘नाही’ असे काही पाठवले जात नाही, त्या चौकटीचा उल्लेखच येत नाही. ‘मूल्य आले असेल तरच सेटिंग बदलावे’ असे फर्मवेअर लिहिले, तर ‘मोटर आपोआप चालू करावी’ ही सोय एकदा सुरू होते आणि नंतर कितीही वेळा खूण काढली तरी बंद होत नाही. संपूर्ण फॉर्म आला आहे हे एखाद्या लपवलेल्या रकान्यावरून ओळखावे आणि त्यानंतर चौकटीचा उल्लेख नसणे म्हणजेच ‘नाही’ असे मानावे, हा त्याचा बिनचूक मार्ग आहे.

गैरसमज ५ : पासवर्डच्या रकान्यात ठिपके दिसतात, म्हणजे पासवर्ड सुरक्षित आहे.

वस्तुस्थिती : ठिपके फक्त शेजारी उभ्या असलेल्या माणसापासून पासवर्ड लपवतात. मायक्रोकंट्रोलरचे पान बहुधा साध्या एचटीटीपीवरून दिले जाते, ज्यात मजकूर उघडाच जातो; त्यातच पहिल्या जुळणीसाठी उपकरणाने उघडलेले वाय-फाय विनापासवर्डचे असेल तर जवळपासच्या कोणालाही तो टिपता येतो. फॉर्म गेट पद्धतीने पाठवला तर पासवर्ड पत्त्याच्या ओळीत आणि ब्राउझरच्या इतिहासातही राहतो, म्हणून सेटिंग बदलणारा फॉर्म पोस्ट पद्धतीनेच पाठवावा. साठवलेला पासवर्ड पानात आधीच भरून ठेवणे हीसुद्धा चूक आहे, कारण पानाचा मूळ मजकूर पाहिला की तो ठिपक्यांविना वाचता येतो. त्याऐवजी रकाना रिकामा ठेवून ‘रिकामा सोडल्यास जुनाच पासवर्ड कायम राहील’ असे लिहावे. सुरक्षित एचटीटीपीएस ईएसपी ३२ वर चालवता येते. पण घरातील जाळ्यापुरत्या पत्त्याला सार्वजनिक प्रमाणपत्र मिळत नसल्यामुळे ब्राउझर धोक्याचा इशारा दाखवतो. त्यामुळे जुळणीच्या वाय-फायलाच पासवर्ड देणे आणि तो प्रत्येक उपकरणासाठी वेगळा ठेवून पेटीवर छापणे, हा व्यवहार्य उपाय ठरतो. ब्रिटनमध्ये तर २९ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने जाळ्याला जोडल्या जाणाऱ्या ग्राहकोपयोगी उपकरणांना सरसकट एकच पासवर्ड ठेवण्यास मनाई केली आहे.

याच सदरात मोडणारी आणखी एक बाब सहसा ध्यानात येत नाही. परिसरातील वाय-फायची यादी फॉर्ममध्ये दाखवली जाते, तेव्हा त्या यादीतील नावे परक्या व्यक्तींनी ठेवलेली असतात. नावात कोनी कंस किंवा अवतरणचिन्हे असली आणि ती जशीच्या तशी पानात ओतली, तर ब्राउझर त्यांना पानाच्या रचनेचाच भाग समजतो. अशी चिन्हे त्यांच्या सुरक्षित पर्यायी रूपात बदलूनच लिहावीत.

गैरसमज ६ : उपकरणाच्या वाय-फायला मोबाइल जोडला की फॉर्म आपोआप, हवा तसा उघडतो.

वस्तुस्थिती : जोडल्याबरोबर मोबाइल एका ठरावीक पत्त्यावर मागणी पाठवून इंटरनेट आहे की नाही ते तपासतो. उपकरण कोणत्याही नावाच्या चौकशीला स्वतःचाच पत्ता देते आणि अपेक्षित उत्तराऐवजी आपले पान दाखवते, त्यावरून मोबाइल ‘येथे नोंदणी आवश्यक आहे’ असा निष्कर्ष काढतो. हा मोबाइलच्या प्रणालीचा निर्णय असल्यामुळे त्याची हमी देता येत नाही; काही वेळा मोबाइल हे वाय-फाय इंटरनेटविना असल्याचे पाहून मोबाइल डेटाकडे वळतो आणि पान सापडत नाही. म्हणून ईएसपी चिपचा नेहमीचा १९२.१६८.४.१ हा पत्ता माहितीपत्रकात लिहावा आणि पान उघडेपर्यंत मोबाइल डेटा बंद ठेवण्याची सूचनाही द्यावी. या अवस्थेत इंटरनेट नसल्यामुळे बाहेरून मागवलेले फॉन्ट, बूटस्ट्रॅपसारख्या तयार शैली यांपैकी काहीच येत नाही. संगणकावर देखणे दिसलेले पान प्रत्यक्ष उपकरणावर ओकेबोके दिसते ते याचमुळे. पानाला लागणारी प्रत्येक गोष्ट चिपमध्येच असावी.

गैरसमज ७ : सेटिंग वारंवार साठवले तर चिप लवकर झिजते.

वस्तुस्थिती : फ्लॅश मेमरीचा एक विभाग साधारणपणे १,००,००० वेळा पुसून लिहिता येतो. दिवसातून १० वेळा फॉर्म भरला तरी ही मर्यादा गाठण्यास २७ वर्षे लागतील. दर मिनिटाचे तापमान त्याच विभागात लिहिले तर मात्र ती सुमारे ७० दिवसांतच संपते. म्हणजे दोष फॉर्मचा नसून मोजमापे त्याच जागी लिहीत राहण्याच्या सवयीचा असतो. मजकूर खरोखर बदलला असेल तरच लिहावा, एवढी काळजी पुरेशी होते. साठवण्यानंतरचा टप्पा अधिक महत्त्वाचा आहे : पासवर्ड चुकला आणि जोडणी झाली नाही, तर उपकरणाने ठरावीक काळानंतर आपले वाय-फाय पुन्हा उघडून फॉर्म समोर ठेवला पाहिजे, अन्यथा एका चुकलेल्या अक्षरापायी पेटी उघडून चिप पुन्हा भरावी लागते.

या सर्व बाबींतून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. फॉर्म ब्राउझरमध्ये दिसतो, ब्राउझरमध्ये भरला जातो आणि त्याची सजावटही ब्राउझरच करतो. चिपच्या वाट्याला येतो तो केवळ मजकूर, जो अपुरा, फुगलेला, वेगळ्या लिपीतील किंवा हेतुपुरस्सर बिघडवलेला असू शकतो. म्हणून फॉर्म बांधणाऱ्याने पानाच्या देखणेपणाला द्यावा तेवढा वेळ जरूर द्यावा, परंतु आलेला प्रत्येक रकाना तपासणाऱ्या फर्मवेअरला त्याहून अधिक द्यावा, आणि उपकरण दुसऱ्याच्या हाती सोपवण्यापूर्वी रिकामे रकाने, देवनागरी अंक आणि चुकीचा पासवर्ड या तिन्हींची चाचणी प्रत्यक्ष मोबाइलवर घ्यावी.