इकुताच्या टेकडीवरील जुनी घरे

तोक्योच्या शिंजुकू स्थानकावरून ओदाक्यू मार्गाची जलद गाडी पकडली, तर तामा नदी ओलांडून मुकोगाओका-युएन या स्थानकावर उतरण्यास अर्धा तासही लागत नाही. आणि तेथून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडून पंधरा-एक मिनिटे चालले, की इकुता र्‍योकुची या झाडीने भरलेल्या उद्यानाचा चढ लागतो. कावासाकी हे नाव जपानी माणसाच्या मनात लोखंड, तेल आणि धुराडी यांच्याशी इतके निगडित झाले आहे, की याच शहराच्या नगरपालिकेने जपानच्या प्रांतोप्रांतींच्या शेतकर्‍यांची, कोळ्यांची व व्यापार्‍यांची घरे आणून ‘निहोन मिंका-एन’ हे खुले संग्रहालय वसवावे, याचे नवख्याला नवल वाटते. वस्तुतः त्यात नवल नाही. जेथे कारखानदारीने जुने सर्वांत झपाट्याने पुसले, तेथेच त्याची चुटपुट प्रथम लागावी, हे स्वाभाविकच होते.

युद्धोत्तर भरभराटीच्या त्या काळात खेड्यापाड्यांतील गवती छपरे उतरून त्यांच्या जागी कौले व पत्रे चढत होते. कावासाकीच्याच हद्दीतील इतो नामक गावप्रमुखाचे घर 1964 साली राष्ट्रीय महत्त्वाची सांस्कृतिक ठेव म्हणून सरकारदप्तरी नोंदले गेले, ते या टेकडीवर आणून उभे केले गेले, आणि त्याच बीजातून 1967 साली हे संग्रहालय लोकांस खुले झाले. आज येथे घरे, पाणचक्की, नावाड्याची झोपडी, रेशीमकिड्यांच्या देवतेचे छोटे देऊळ असे मिळून पंचवीसच्या आसपास वास्तू आहेत.

घर हलविता येते ही कल्पना आपल्याला चमत्कारिक वाटेल. पण खांबाचे कुसू तुळईच्या भोकात नेमके बसवून, पाचरी ठोकून उभा केलेला हा लाकडी सांगाडा त्याच क्रमाने उलट सोडविता येतो, हे तेथील सुतारास पूर्वापार ठाऊक आहे. नागानो प्रांतातून आलेले सासाकी यांचे घर 1731 साली बांधले गेले आणि नदीच्या महापुरानंतर 1743 साली खुद्द मालकांनीच ते उंचावर नेऊन पुन्हा उभारले. म्हणजे संग्रहालयाने हलविण्यापूर्वीच या घराला प्रवासाची सवय होती! उलगडण्याच्या या कामाचा एक अनपेक्षित लाभ असा, की हादानो येथील कितामुरा यांचे घर मोडताना खांबाच्या कुसवावर, म्हणजे उभ्या घरात कुणाच्याही दृष्टीस न पडणार्‍या जागी, शाईने लिहिलेला मजकूर सापडला आणि त्यावरून ते 1687 सालचे असल्याचे निर्विवाद ठरले.

हे कितामुरा यांचे घर माझ्या मते सर्व संग्रहात श्रेष्ठ होय. मालक गावचे प्रमुख, आपल्याकडील पाटलासारखे. तरीही त्यांच्या मोठ्या दालनाची जमीन फळ्यांची नाही, बांबूंची आहे. सारख्या जाडीचे बांबू एकमेकांस खेटून अंथरलेले, वर्षानुवर्षांच्या वावराने गुळगुळीत झालेले. अनवाणी पावलाखाली ते किंचित दबतात, आणि फटींतून खालची हवा जाणवते. आतल्या खोलीत मात्र पाहुण्यांसाठी तातामी चटया. एका छपराखाली कुणाला कोठवर प्रवेश, याचा सारा कायदा पावलांना कळावा अशी ही रचना आहे.

इवाते प्रांतातील कुदो यांचे घर काटकोनात वळलेले आहे, आणि त्या वळलेल्या भागात घोड्यांचा तबेला आहे. पूर्वीच्या नांबू संस्थानच्या या मुलखात अश्वपैदास हा जीवनाचा आधार. तेव्हा कडक थंडीत घोड्यालाही घरच्या छपराखाली घ्यावे, हे ओघानेच आले. फुकुशिमाहून आलेले सुझुकी यांचे घर तर घोड्यांच्या व्यापार्‍यांची धर्मशाळाच होते. चिबाच्या किनार्‍यावरील साकुदा हे मासेमारीच्या जाळ्यांचे मालक. तेथील सार्डिन मासे वाळवून शेतीसाठी खत म्हणून विकले जात, आणि त्या पैशाची ऐट त्यांच्या छपराखालील वाकड्यातिकड्या, प्रचंड तुळयांत अजून दिसते. सरळ लाकूड परवडत नव्हते म्हणून नव्हे, तर वाकडे लाकूड जुळविण्याचे कसब मिरवावे म्हणून त्या घातल्या असाव्यात, असा माझा तर्क आहे.

हात जोडल्यासारख्या उंच छपरांची शिराकावा आणि गोकायामा खोर्‍यांतील घरे चित्रांतून सर्वांच्या परिचयाची असल्याने त्यांविषयी फारसे लिहीत नाही. माळ्यावर रेशीमकिडे पाळले जात, आणि छपराचा सांगाडा खिळ्यांवाचून, दोर व पिळलेल्या कोवळ्या फांद्या यांनी बांधलेला असे, एवढे सांगणे पुरे. मूळ मुलखात पुरुषभर बर्फ झेलणारी ही छपरे येथील सौम्य हिवाळ्यात काहीशी बेकार बसल्यासारखी दिसतात, ही या संग्रहालयाची उणीव आहे; आणि परस्परांपासून शेकडो मैल दूर असलेली गावे चार पावलांच्या अंतरावर आणली की ती अटळच आहे.

तिची भरपाई अग्नीने होते. घराच्या मध्यभागी जमिनीत केलेल्या चौकोनी चुलीत, इरोरीत, स्वयंसेवक आळीपाळीने लाकडे पेटवितात. धुराने गवत व लाकूड कोरडे राहते, किडीला मज्जाव होतो आणि तुळया काजळाने काळ्याभोर होतात. तेव्हा हा देखावा नसून डागडुजीच आहे. दैवाचा विनोद असा, की इबाराकीहून आणलेल्या ओता यांच्या घराचे छप्पर 1990 साली जळाले, ते चुलीने नव्हे, बाहेरून आलेल्या फटाक्याने! पुढे ते पूर्ववत करण्यात आले.

तोक्योत नोकरीनिमित्त राहणार्‍या मराठी मंडळींनी येथे येताना सोमवार टाळावा, कारण त्या दिवशी दरवाजे बंद असतात. बूट वारंवार काढावे लागत असल्याने सैल पादत्राणे घालावीत. चढाच्या टोकाला मिए प्रांतातील कोळ्यांच्या गावाची काबुकी रंगभूमी आहे. तिचा मंच फिरता असून तो फिरविण्याची यंत्रणा खाली तळघरात आहे. दमला असाल तरी ती पाहिल्याखेरीज परतू नका.