मालकी अमेरिकेत, फाटक भोपाळात

भोपाळच्या उत्तर भागात युनियन कार्बाइड या अमेरिकी कंपनीचा बंद कारखाना गंजत पडला आहे. मुख्यालय साता समुद्रापार आणि कामगार इथे. मग जबाबदारी कुणाची? हा प्रश्न भोपाळने जगापुढे ठेवला.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्रीची इथली वायुगळती सर्वांना ठाऊक आहे. त्याआधीच्या धोक्याच्या घंटा फारशा कुणाला आठवत नाहीत. डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन वायूने एका कामगाराचा बळी घेतला. १९८२ मध्ये अमेरिकेहून आलेल्या पथकाने सुरक्षेतल्या त्रुटी दाखवल्या. तरी काटकसर थांबली नाही. मिथाइल आयसोसायनेट या विषारी रसायनाच्या विभागात एका पाळीचे कामगार १२ वरून ६ वर आले, टाक्यांची शीतकरण यंत्रणाही बंद पडून होती.

कारखाना चालवणाऱ्या भारतीय कंपनीत अमेरिकी कंपनीचा हिस्सा ५०.९ टक्के होता. पण बोट दाखवले गेले ते भारतीय कंपनीकडेच. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरच्या भरपाईवर तडजोड झाली. वाढीव भरपाईची मागणी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली.

आता मालक आणि कामगार यांच्यात कंत्राटांची साखळी असते. ढाक्याजवळची राणा प्लाझा ही इमारत २०१३ मध्ये कोसळून ११०० हून अधिक माणसे गेली. तिथे परदेशी ब्रँडचे कपडे शिवले जात. जर्मनीने २०२३ पासून मोठ्या कंपन्यांवर पुरवठादारांकडील कामगारांच्या हक्कांची जबाबदारी कायद्याने टाकली.

भोपाळच्या कारखान्यातला सुमारे ३३७ टन विषारी कचरा हलला, तो जानेवारी २०२५ मध्ये.