डबा तोच, गाडी नवी

टोकियोच्या यामानोते मार्गावरच्या लोकलमध्ये दहा नंबरचा डबा शेजारच्या डब्यांपेक्षा वयाने मोठा आहे. चढणाऱ्याला ते कळत नाही. हिरवी आसनं तीच, सामानाच्या फळीवर ओळीने लावलेले जाहिरातींचे पडदे तेच. मात्र फलाटावर थोडं मागे सरकून पाहिलं, तर पत्र्याच्या जोडणीची धाटणी जुनी दिसते आणि एका टोकाची दारं इतर डब्यांच्या मानाने किंचित सरकलेली असतात.

या सरकलेल्या दारांमागे वीस-पंचवीस वर्षांचा इतिहास आहे. १९९०च्या सुमारास यामानोतेची गर्दी आवरेना, तेव्हा एका बाजूला चारऐवजी सहा दारं असलेला डबा काढला गेला. त्याची आसनं भिंतीला मिटून ठेवलेली असत आणि सकाळी दहापर्यंत उघडतच नसत. सगळ्यांनी उभं राहायचं! पुढे फलाटाच्या कडेला सरकती दारं बसवायचं ठरलं. २०१० मध्ये एबिसू स्थानकापासून सुरुवात झाली. फलाटावरचं दार आणि गाडीचं दार समोरासमोर यायलाच हवं, त्यामुळे सहा दारांचे डबे एकदम निकामी ठरले. २०११ पर्यंत ते काढून चार दारांचे नवे डबे जोडले गेले. त्यातल्या दहा नंबरच्या डब्याची आणखी एक अडचण होती. तबातापासून दक्षिणेकडे केइहिन-तोहोकू मार्ग यामानोतेला समांतर धावतो आणि काम निघालं की एकाची गाडी दुसऱ्याच्या फलाटावर घेतात. त्या मार्गाची गाडी दहाच डब्यांची. म्हणजे तिचा दहावा डबा मोटरमनच्या केबिनचा, आणि केबिनमुळे त्याची दारं आत ढकललेली. फलाटावरची दारं दोन्ही गाड्यांना जुळावीत म्हणून यामानोतेच्या दहाव्या डब्याने आपली दारं सरकवून घेतली.

२०१५ मध्ये ई-२३५ जातीची नवी गाडी आली. तिचं रूप ठरवण्यात कियोयुकी ओकुयामा यांचा हात, म्हणजे फेरारीची एन्झो मोटार ज्यांनी आखली तेच. गाडी नवी, पण चार-पाच वर्षं वयाचे ते दहा नंबरचे डबे भंगारात कोण घालणार? त्यांची आतली सजावट उतरवून नव्या गाडीसारखी केली, यंत्रणा जुळवली आणि जवळजवळ प्रत्येक नव्या गाडीत एक जुना डबा जोडून दिला. मला या सगळ्या प्रकरणात एन्झोवाल्यांच्या चेहरेपट्टीपेक्षा हा दहावा डबाच जास्त जपानी वाटतो.

मे महिन्यातल्या एका शनिवारी टोकियोजवळच्या ओमियाचं वर्कशॉप लोकांसाठी उघडं होतं, तेव्हा गाड्यांची देखभाल जवळून पाहायला मिळाली. ओमियात १८९४ पासून रेल्वेची दुरुस्ती चालते. आपल्याकडे माटुंगा किंवा महालक्ष्मीच्या वर्कशॉपमध्ये लोकल ठरावीक मुदतीने जाते, तसंच इथेही. साधारण चार वर्षांनी किंवा सहा लाख किलोमीटर झाल्यावर महत्त्वाचे भाग उघडायचे आणि आठ वर्षांनी गाडी पूर्ण सुटी करायची, असा जुना रिवाज आहे. छताखालच्या क्रेनने जेवणाच्या डब्याचं झाकण उचलावं तसा वीस मीटरचा आख्खा डबा उचलला आणि खाली राहिली नुसती चाकं, मोटरी, ब्रेक पेलणारे दोन गाडे. पोरं टाळ्या वाजवत होती. मी मात्र त्या उचललेल्या डब्याचं पोट पाहत उभा होतो. प्रवासी जिथे उभे राहतात, त्या जमिनीखाली दाटीवाटीने पेट्या लटकलेल्या: हवेचा कॉम्प्रेसर, बॅटरी, मोटरींना वीज मोजून देणारा इन्व्हर्टर. गाडीचं खरं यंत्र ते. वरचा डबा म्हणजे त्यावर बांधलेली खोली.

एका गाड्याजवळ हेल्मेट घातलेला, निवृत्तीला टेकलेला एक कामगार समजावून सांगत होता. त्याने बोटाने दाखवलं ते एवढंच, की प्रत्येक नटावर रंगाची एक बारीक रेघ आहे आणि ती नटावरून उतरून खालच्या लोखंडापर्यंत गेलेली आहे. नट हवा तेवढा कसला की ती रेघ मारायची. पुढच्या तपासणीला माणूस बॅटरी घेऊन वाकतो आणि रेघ सरळ आहे की तुटली आहे एवढंच पाहतो. नट केसभर जरी फिरला असेल, तरी रेघेचे दोन तुकडे दिसतात. पाना लावायची गरज नाही, आठवणीवर विसंबायची गरज नाही. बाजूलाच नवं चाक आणि झिजलेलं चाक शेजारी ठेवलेलं होतं. नवं ८६० मिलिमीटर व्यासाचं. लेथवर पुन्हा पुन्हा कातून ते ७८० च्या आसपास आलं की त्याचं आयुष्य संपतं. तोवर गाडीने जगाला कितीतरी फेरे घातलेले असतात.

ही झाली देखभाल. फेरबांधणी ही वेगळी गोष्ट, आणि तिचं गणित समजायला एक साधी बाब ध्यानात घ्यावी लागते: स्टेनलेसचा पत्रा चाळीस वर्षं सहज टिकतो, पण वीज पंधरा-वीस वर्षांत म्हातारी होते. कंडेन्सर फुगतात, सर्किटचे बोर्ड बनवणारा कारखाना ते बनवायचं बंद करतो, सेमीकंडक्टरची जात बाजारातून उठते. म्हणजे धड शाबूत आणि मेंदू थकलेला. मग आसनं, छताच्या पट्ट्या, जमिनीचं आच्छादन सगळं उपटायचं, सांगाडा तेवढा ठेवायचा, आणि नवी यंत्रणा भरायची. नव्या गाडीपेक्षा हे स्वस्त पडतं का, हे प्रत्येक कंपनी आपापल्या परीने मोजते.

यामानोते चालवणाऱ्या जेआर ईस्ट कंपनीने १९९० च्या दशकात उत्तर दिलं होतं, की नाही पडत. केइहिन-तोहोकू मार्गावर १९९३ मध्ये २०९ जातीची गाडी आली ती 'वजन निम्मं, किंमत निम्मी, आयुष्य निम्मं' अशी घोषणा घेऊनच. जपानच्या कर कायद्यात विजेच्या रेल्वे डब्याचं आयुष्य १३ वर्षं धरतात. तेवढी वर्षं मोठी दुरुस्ती न करता चालवायची, मग मोडीत काढून त्या वेळची उत्तम यंत्रणा घेऊन नवी गाडी आणायची, असा विचार. रेल्वेवेड्यांनी तिला वापरून फेकायच्या कॅमेऱ्याच्या नावावरून टोपणनाव ठेवलं आणि यथेच्छ टिंगल केली. ती टिंगल मला अन्यायाची वाटते. जुन्या १०३ जातीच्या तुलनेत ही गाडी निम्म्याहूनही कमी वीज खाई. आणि आसनांचा प्रश्न तिने किती साधेपणाने सोडवला! सात जणांच्या बाकावर लोक ऐसपैस बसत आणि सहाच मावत. आधीच्या २०१ जातीत मधल्या एका जागेचा रंगच वेगळा ठेवून पाहिला होता. म्हणजे मधला माणूस त्या रंगावर बसेल आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन मावतील. २०९ ने बाकावर दोन उभे दांडे रोवले: दोन, तीन, दोन. शिवाय प्रत्येकाच्या बुडापुरता खळगा केला. रंगाने जे साधलं नव्हतं ते दांड्याने साधलं. आज जपानमधल्या बहुतेक लोकलमध्ये हा दांडा दिसतो, आणि उभ्या म्हाताऱ्या माणसाला धरायलाही तोच सापडतो.

चुका झाल्या नाहीत असं नाही. मोठ्या काचा, त्याही बहुतेक न उघडणाऱ्या, कारण वातानुकूलन होतंच आणि ऊन अडवणारी काच वापरल्याने पडदेही वाचले. पण वीज गेली आणि गाडी उन्हात उभी राहिली की आत माणसं उकडून निघत. म्हणून २००० च्या दशकात काही खिडक्या कापून उघडत्या केल्या गेल्या. निम्म्या आयुष्याच्या गाडीवर दुरुस्ती न करण्याचा बेत तिथेच मोडला. २०१० च्या जानेवारीत शेवटची २०९ केइहिन-तोहोकूवरून उतरली. सतरा वर्षं, म्हणजे ठरल्यापेक्षा जरा जास्तच. पण उतरली ती थेट मोडीत नाही. बऱ्याच गाड्या चिबा प्रांतातल्या बोसो द्वीपकल्पावर गेल्या. तिथले पल्ले लांबचे, गर्दी कमी, आणि दोन्ही टोकांच्या डब्यांत समोरासमोर बसायची आसनं हवीत. शिवाय शौचालय. शहरी लोकलच्या आखणीत शौचालयाला जागाच नव्हती. पाण्याची टाकी कुठे टांगायची, मैला साठवायचा कुठे, व्हीलचेअर वळेल एवढं दार कुठे काढायचं, हे सगळं आधीच भरलेल्या पोटात बसवावं लागलं. नवी यंत्रणाही भरली.

त्या बोसोच्या गाडीत डब्याच्या टोकाला, पुढच्या डब्यात जायच्या दाराजवळ वर पाहिलं की हाताच्या तळव्याएवढ्या धातूच्या पाट्या दिसतात. एक बांधणाऱ्याची, एक फेरबांधणी करणाऱ्याची. दोन सालं, मध्ये दीड-दोन दशकं. एकदा का हे माहीत झालं, की कुठल्याही जपानी लोकलमध्ये शिरल्यावर आधी त्या भिंतीकडे नजर जाते. सवय वाईट आहे, लोक बघतात. पुढे यातल्याच एका गाडीची २०१८ मध्ये सायकली घेऊन जायची खास गाडी झाली आणि दोन गाड्या २०२२ मध्ये इझू किनाऱ्यावरच्या खासगी रेल्वेने घेऊन 'अलोहा ट्रेन' म्हणून समुद्राकाठी पळवल्या. निम्म्या आयुष्याची गाडी तिशी ओलांडूनही धावते आहे.

मी राहतो त्या टोकियोतल्या निशी-कासाई भागात मराठी घरं बरीच. पुण्याहून, ठाण्याहून आलेली संगणकवाली मंडळी. आमची रोजची तोझाई मेट्रो काही वर्षांपूर्वीपर्यंत टोकियोतली सर्वांत खच्चून भरलेली. किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात २०१९ च्या सरकारी पाहणीत १९९ टक्के गर्दी होती. दादरला चढलेल्या माणसाला त्यात काय विशेष, असं आमच्यातले जाणते म्हणतात, आणि ते खरंही आहे. १९९१ मध्ये या मार्गावर १.३ मीटरऐवजी १.८ मीटर रुंद दाराच्या गाड्या आणून पाहिल्या. लोक भरभर उतरत, पण नंतरच्या गाड्यांत दार पुन्हा अरुंद झालं. २०१० मध्ये १५००० जातीत पुन्हा रुंद. ओदाक्यू कंपनीने तर १९९१ च्याच सुमारास दोन मीटरचं दार करून पाहिलं आणि पुढे फेरबांधणीत ते १.६ मीटरच उघडेल असं केलं. तोझाईच्या जुन्या रुंद दारांच्या गाड्यांना वीस वर्षांनी हात लावला, तेव्हा दारं तशीच ठेवून मोटरीच बदलल्या. आता कायमचुंबकाच्या मोटरी आहेत.

विजेचा हिशेब सगळ्यांत ठसठशीत दिसतो ओदाक्यूच्या १००० जातीच्या गाडीत. २०१४ च्या अखेरीस तिच्यात जुना इन्व्हर्टर काढून सिलिकॉन कार्बाइडचा बसवला. आधीपेक्षा सुमारे ४० टक्के वीज वाचली. डबा तोच, वजन जवळपास तेच, मार्ग तोच.

प्रत्येक वेळी फायदाच होतो असं नाही, काही हरवतंही. केइक्यू कंपनीच्या लाल गाड्यांत सिमेन्सचे इन्व्हर्टर होते आणि गाडी सुटताना मोटरीतून चक्क सा-रे-ग-म चढत जायचं. अभियंत्यांनी मुद्दाम सूर जुळवले होते. मुंबईच्या पांढऱ्या-जांभळ्या लोकलमध्येही सिमेन्सचंच विजेचं सामान, पण आपल्या वाट्याला सूर आले नाहीत! परदेशी सुटे भाग मिळवणं कटकटीचं झालं, फेरबांधणीत जपानी इन्व्हर्टर बसत गेले आणि २०२१ च्या जुलैत शेवटची गाणारी गाडी गप्प झाली.

जी गाडी टोकियोत नको झाली ती जावी कुठे, याला दीर्घ काळ जकार्ता हे उत्तर होतं. २०१३ पासून जेआरच्या २०५ जातीचे आठशेहून अधिक डबे जहाजाने इंडोनेशियाला गेले. तिथे फलाट ठेंगणे, म्हणून काही दारांखाली पायऱ्या जोडल्या. दगडफेकीपासून वाचायला पुढच्या काचेवर जाळी बसवली. मुंबईकराला ती जाळी वेगळी समजावून सांगायला नको. २०२३ मध्ये तिथल्या सरकारने आणखी जुन्या गाड्या आणायला नकार दिला.

गंमत म्हणजे त्याच सुमारास खुद्द टोकियोतच जुन्या गाडीला गिऱ्हाईक निघालं. सेइबू ही राजधानीतली मोठी खासगी रेल्वे. तिने ओदाक्यू आणि तोक्यू या तितक्याच मोठ्या कंपन्यांकडून वापरलेल्या गाड्या घ्यायचं जाहीर केलं. पूर्वी मोठ्यांची उतरलेली गाडी गावाकडच्या छोट्या रेल्वेकडे जाई, मोठ्यांनी मोठ्यांची घेण्याची पद्धत नव्हती. सेइबूची इच्छा आपल्या साऱ्या गाड्या इन्व्हर्टरच्या करायची, आणि नव्याच घेत बसलं तर वेळही लागेल, पैसाही. अशा गाड्यांची व्याख्या कंपनीने केली ती रंग न लावाव्या लागणाऱ्या पत्र्याच्या, इन्व्हर्टरच्या 'वगैरे' गाड्या अशी. २०२५ मध्ये कोकुबुन्जी मार्गावर पहिली आली ती ओदाक्यूची १९८० च्या दशकातली ८००० जातीची, म्हणजे साध्या पोलादाची. सेइबूने तिला रंग दिला, आणि तो दर काही वर्षांनी द्यावाच लागणार आहे. बहुधा ती त्या 'वगैरे'त बसत असावी.