कुसळीच्या पानातला हिशेब

मुगाच्या बेवडावर रब्बीची ज्वारी जोमात येते, हे कळमनुरी-सेनगावच्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. ती का येते, याचं उत्तर जर्मनीत हेलरीगेल यांनी १८८६ साली दिलं: कडधान्याच्या मुळांवरच्या गाठींतून रोपाला हवेतला नत्र मिळतो. त्यातून पुढचा प्रश्न निघाला आणि तो अर्धशतक पडून राहिला. रोपातला किती नत्र हवेतून आला, किती मातीतून, किती शेणखतातून? नत्रावर तो कुठून आला याची खूण नसते.

खूण सापडली १९२९ साली. शिकागोत नॉडे यांनी दाखवलं की नत्राचे सगळे अणू सारख्या वजनाचे नसतात. बहुतेक चौदा वजनाचे. सुमारे २७३ अणूंत एखादा पंधराचा. हा जड नत्र किरणोत्सारी नाही, काळानुसार त्याचा ऱ्हास होत नाही. म्हणून तो स्थिर समस्थानिक. १९४० च्या दशकात विस्कॉन्सिनमध्ये रॉबर्ट बरिस यांनी जिवाणूंना जड नत्राची हवा दिली आणि तो त्यांच्या शरीरात उतरल्याचं मोजून दाखवलं. पुढे खतात जड नत्र मिसळून पिकाने खताचा वाटा किती उचलला, हेही शेतात मोजता येऊ लागलं. टाकलेल्या युरियातला निम्म्याहून कमी नत्रच बहुधा पिकाच्या पदरात पडतो, ही कडू गोष्ट अशाच प्रयोगांनी पक्की केली.

मला मात्र या सगळ्या वाटचालीत गवतावरचं काम सर्वांत मोलाचं वाटतं. पिकाला आपण खत घालतो. गायरानाला कुणी घालत नाही. तिथला नत्र माती, गवत, गुरं, शेण-मूत आणि पुन्हा माती असा फिरत राहतो. मातीत नत्र मुबलक असला की त्यातला बराच वायू होऊन उडतो किंवा पाण्याबरोबर वाहून जातो. या गळतीत हलका नत्र आधी जातो, जड मागे राहतो आणि गवताच्या पानात चढतो. चणचण असली की गळती कमी आणि पानातला जड नत्रही कमी. म्हणजे पान वाढलं त्या वर्षी माती भरल्या घरची होती की ओढगस्तीची, हे पानावरून बऱ्याच अंशी वाचता येतं.

ही नोंद पान वाळलं तरी पुसली जात नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात संशोधकांनी १८७६ ते २००८ या काळात दाबून ठेवलेले ५४५ वनस्पती-नमुने तपासले आणि २०१० मध्ये निष्कर्ष मांडला: त्या गवताळ प्रदेशात वनस्पतींना मिळणारा नत्र घटत गेला आहे. हवेतल्या वाढत्या कार्बन डायऑक्साइडने वाढीला जोर मिळतो, नत्र तेवढा पुरत नाही, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. पानात नत्र कमी म्हणजे प्रथिनं कमी, म्हणजे पोटभर चरूनही जनावर अर्धपोटी. गायरानावर गुरं सोडणाऱ्या प्रत्येक घराचा हा प्रश्न आहे.

आपल्याकडे हे शास्त्र परकं नाही. निलगिरीच्या दलदलीतल्या थरांमधून गवत आणि जंगल यांचा जुना आलटापालट १९९३ साली सुकुमार, रमेश आणि सहकाऱ्यांनी कार्बनच्या समस्थानिकांवरून वाचला. लोणारच्या गाळातूनही हजारो वर्षांचे ओले-कोरडे काळ वाचले गेले. सुके नमुनेही आहेत: मुंबईच्या झेवियर्समधला ब्लॅटर वनस्पतिसंग्रह १९०६ पासूनचा, आणि ब्लॅटर-मॅकन यांचं मुंबई इलाख्यातल्या गवतांवरचं पुस्तक १९३५ चं. वि. ना. नाईक यांची ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ १९९८ ची.  त्यानंतर हिंगोलीकडच्या रानांवर सोयाबीन पसरलं, माळ आक्रसले.

जड नत्राच्या तपासणीला पानाचे काही मिलिग्रॅम पुरतात. त्यासाठी लागणारं मोठं यंत्र आज जवळ नसलं तरी नमुना थांबू शकतो. गेलेलं वर्ष मात्र परत दाबून ठेवता येत नाही. म्हणून हिंगोली, वसमत, औंढ्याच्या महाविद्यालयांतल्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना माझी विनंती आहे: दर आश्विनात जवळच्या गायरानावरून कुसळी, मारवेल आणि शेडा या गवतांचा एकेक नमुना घ्या, दाबून वाळवा, आणि कागदावर गाव, गट क्रमांक, तारीख आणि तिथे गुरं चरतात की नाही एवढं लिहून ठेवा.