कारखानदाराच्या नांवाची हिमनदी

मुलांसाठीं घरांत आणलेला नकाशासंग्रह चाळतांना आपली दृष्टि शेवटच्या पानावर फारशी रेंगाळत नाहीं. तें पान बहुतेक पांढरें असतें. मध्यभागीं दक्षिण ध्रुव, भोंवतीं अंटार्क्टिका खंड, आणि कडेनें राजाराण्यांचीं, दर्यावर्दी वीरांचीं व व्यापाऱ्यांचीं बारीक अक्षरांतलीं नांवें. नदीचें नांव कोणीं ठेविलें असा प्रश्न आपल्याकडे सहसा कोणी विचारीत नाहीं. गोदा, कृष्णा, भीमा हीं नांवें जणूं पाण्याबरोबरच उगम पावलीं. परंतु जेथें कधीं मनुष्यवस्तीच नव्हती, तेथें ना स्थलपुराण, ना ग्रामदैवत. तेथील प्रत्येक नांवाला जन्मतारीख आहे, नांव ठेवणारा आहे, आणि पुष्कळदां नांवामागें एक हिशेबाची वहीहि आहे. अशाच एका हिमनदीची हकीकत वाचकांपुढें ठेवावयाची आहे.

तिचें नांव बिअर्डमोर. रॉस समुद्राच्या दक्षिण भागावर बर्फाचा एक अफाट थर तरंगत असतो. विस्तारानें तो जवळजवळ फ्रान्स देशाएवढा आहे. त्याच्या पलीकडे पर्वतांची प्रचंड भिंत, आणि भिंतीपलीकडे बर्फाचें उंच पठार, ज्यावर ध्रुव आहे. त्या पठारावर पडलेलें हिम वितळत नाहीं. वर्षानुवर्षें थरावर थर चढून त्याचें कठीण बर्फ बनतें, आणि तें स्वतःच्याच भारानें सावकाश उताराकडे सरकूं लागतें. पर्वतांच्या भिंतीला जेथें खिंड सांपडते तेथून तें खालीं ओघळतें. बिअर्डमोर ही अशीच एक वाट, आणि अशा वाटांपैकीं अतिशय मोठी. हिची लांबी सुमारें १२५ मैल, म्हणजे मुंबई-पुण्याच्या आगगाडीच्या रस्त्याहूनहि थोडी अधिक. रुंदी कांहीं ठिकाणीं २५ मैल. आणि एकंदर उतार सात हजार फुटांचा. पश्चिमेस क्वीन अलेक्झांड्रा पर्वतरांग, पूर्वेस कॉमनवेल्थ रांग. पश्चिमेकडील कर्कपॅट्रिक शिखर १४,८०० फुटांहून उंच आहे. काठावरच्या दुसऱ्या एका पर्वताच्या माथ्यावर नेहमीं ढग जमलेला दिसे, म्हणून त्याचें नांव ‘क्लाउडमेकर’, ढग घडविणारा, असें पडलें. एवढें एक नांव मात्र कोणत्याहि आजीबाईनें ठेवावें असें आहे.

हिमनदी म्हटली म्हणजे गुळगुळीत घसरगुंडी असेल असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुतः तळचा खडक जेथें उंचसखल असतो तेथें वरचें बर्फ तडकतें, आणि शेंकडों फूट खोल भेगा पडतात. त्यांवर ताज्या हिमाचें पातळ झांकण बसतें, आणि तें झांकण भोंवतालच्या जमिनीसारखेंच दिसतें.

सन १९०८ च्या २९ ऑक्टोबर रोजीं अर्नेस्ट शॅकल्टन, फ्रँक वाइल्ड, डॉक्टर मार्शल व ॲडम्स हे चौघे इंग्रज प्रवासी चार मांचुरियन तट्टें घेऊन ध्रुवाच्या दिशेनें निघाले. तरंगत्या बर्फावरून थेट दक्षिणेस जावयाचें असा त्यांचा बेत होता. परंतु पर्वतांची भिंत हळूहळू वळत त्यांच्या वाटेंत आडवी आली. तोंपर्यंत तीन तट्टें थकून निकामी झालीं होतीं. तीं मारावीं लागलीं, व त्यांचें मांस पुढच्या प्रवासाची शिदोरी झालें. ३ डिसेंबरला चौघे एका लहानशा डोंगरावर चढले, आणि समोर पाहतात तों दोन पर्वतरांगांमधून दक्षिणेकडे चढत गेलेला बर्फाचा राजमार्ग! त्या डोंगराला त्यांनीं ‘होप’, म्हणजे आशा, असें नांव दिलें.

आशेला चारच दिवसांत किंमत द्यावी लागली. ७ डिसेंबर रोजीं ‘सॉक्स’ नांवाचें उरलेलें एकुलतें एक तट्टू घेऊन वाइल्ड मागून येत होता. पुढील तिघे एका झांकलेल्या भेगेवरून सुखरूप पार झाले. तट्टाचा पाय पडतांच झांकण ढांसळलें आणि तें बिचारें दिसेनासें झालें. घसरगाडीस जोडलेला आडवा दांडा मोडला, म्हणूनच गाडी वर राहिली आणि वाइल्ड कडेला लोंबकळत वांचला. आंत डोकावून पाहिलें तर काळोखाशिवाय कांहीं नव्हतें. तट्टाबरोबर चौघांचें कित्येक दिवसांचें अन्न गेलें. पुढें गाड्या स्वतःच ओढीत ते पठारावर पोंचले, आणि ९ जानेवारी १९०९ रोजीं, ध्रुव अवघा ९७ सागरी मैल उरला असतां, शॅकल्टननें माघार घेतली. पुढें गेले असते तर ध्रुव दिसला असता, घर दिसलें नसतें. चौघेहि जिवंत परतले, ही गोष्ट मला ध्रुवप्राप्तीहून लहान वाटत नाहीं.

आतां नांवाचा प्रश्न. ही हिमनदी प्रथम पाहणाऱ्या चौघांपैकीं कोणाचेंहि नांव तिला नाहीं. विल्यम बिअर्डमोर हा ग्लासगोचा मोठा कारखानदार. पोलाद, तोफा आणि जहाजें हा त्याचा व्यवसाय. शॅकल्टन कांहीं काळ त्याच्याच कचेरींत नोकरीस होता, आणि मोहिमेसाठीं पेढीकडून काढलेल्या कर्जाला बिअर्डमोर जामीन राहिला होता. त्यानें अंटार्क्टिकाच्या भूमीवर कधीं पाऊल ठेविलें नाहीं. कोणास याचें हंसूं येईल. पण आपल्याकडेहि घाटाच्या पायरीवर दात्याचें नांव कोरतात, पाथरवटाचें कोरीत नाहींत. शिवाय ही एकट्या शॅकल्टनची रीत नव्हे. १९११ सालीं ॲमुंडसेन ज्या हिमनदीनें चढून ध्रुवावर पोंचला तिला त्यानें आपला नॉर्वेजियन आश्रयदाता अॅक्सेल हायबर्ग याचें नांव दिलें. राणी अलेक्झांड्रा ही तर इंग्लंडच्या राजाची पट्टराणीच. सोबत्यांचीहि अगदींच उपेक्षा झाली नाहीं; मार्शल व ॲडम्स यांचीं नांवें तेथील पर्वतांना आहेत, आणि त्या दुर्दैवी सॉक्सच्या नांवाची एक लहानशी उपहिमनदीहि आज नकाशावर आहे. पहिल्या महायुद्धानंतर बिअर्डमोरच्या कारखान्यास उतरती कळा लागली; १९३६ सालीं तो वारला; ग्लासगोंत जेथें त्याची पोलादाची भट्टी धडधडत होती तेथें आतां दुकानांची पेठ आहे. हिमनदीवर मात्र त्याचें नांव कायम आहे.

तीन वर्षांनीं त्याच वाटेनें कॅप्टन स्कॉट गेला. १७ जानेवारी १९१२ रोजीं तो ध्रुवावर पोंचला तों ॲमुंडसेनचें निशाण तेथें आधींच फडकत होतें. परत येतांना, ८ फेब्रुवारीला, हिमनदीच्या माथ्याजवळ बकली पर्वताच्या पायथ्याशीं त्यानें मुक्काम केला. डॉक्टर विल्सननें तेथील कोळशाच्या थरांतून व खडकांतून दगड वेंचले. याच पर्वतावर वाइल्डलाहि पूर्वीं कोळसा सांपडला होता. जेथें आज गवताचें पातेंहि उगवत नाहीं, तेथें कोळसा! अन्न संपत आलेलें, एडगर इव्हान्स आजारी. तो पुढें १७ फेब्रुवारीस हिमनदीच्या पायथ्याशींच मरण पावला. अशाहि स्थितींत ३५ पौंड वजनाचे दगड त्यांनीं गाडीवर चढविले, आणि शेवटपर्यंत ओढीत नेले. १२ नोव्हेंबरला शोधपथकाला तंबू सांपडला, तेव्हां तिघांच्या प्रेतांबरोबर ते दगडहि होते. हा मूर्खपणा झाला असें म्हणणारे टीकाकार पुष्कळ आहेत. त्या ओझ्यानें किती पावलें कमी पडलीं याचा हिशेब घरीं पंख्याखालीं बसून मांडणें सोपें आहे. मला तो मांडवत नाहीं.

त्या दगडांत पानांचे ठसे होते. केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ सेवर्ड यांनीं ते तपासून १९१४ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. सुमारें २५ कोटि वर्षांपूर्वींच्या, जिभेच्या आकाराच्या पानांच्या त्या वनस्पतीचें नांव ‘ग्लॉसॉप्टेरिस इंडिका’, म्हणजे ‘हिंदुस्थानची’. नांव असें पडण्याचें कारण, हीं पानें आपल्याकडील कोळशाच्या थरांतून विद्वानांना आधींच ठाऊक होतीं. नागपुरास ज्यांच्या नांवाचें कॉलेज आहे त्या रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनीं कामठीच्या आसपास असेच ठसे जमविले होते, आणि त्यांचें वर्णन १८६१ सालींच लंडनमध्यें छापून आलें होतें. ज्या खडकांत हे ठसे मिळतात त्यांना भूस्तरवेत्ता मेडलिकॉट यानें १८७२ मध्यें गोंडांच्या देशावरून ‘गोंडवन’ असें नांव दिलें. आणि पुढें ऑस्ट्रियाचे पंडित स्यूस यांनीं तेंच नांव एका लुप्त महाखंडाला दिलें. हिंदुस्थान, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया व दक्षिण अमेरिका एके काळीं जोडलेलीं होतीं, या तर्काला आतां ध्रुवाजवळची साक्ष मिळाली. खंडें सरकतात हें मत वेगेनर यानें प्रथम मांडलें तें जानेवारी १९१२ मध्यें, स्कॉट ध्रुवाजवळ असतांनाच; विद्वानांनीं मात्र तें पुढें पन्नास वर्षें मनावर घेतलें नाहीं. १९६९ सालीं याच हिमनदीच्या परिसरांत लिस्ट्रोसॉरस या प्राण्याचीं हाडें निघालीं. हा जमिनीवरचा प्राणी, समुद्र पोहून जाणारा नव्हे, आणि त्याचीं हाडें बंगालच्या कोळसापट्ट्यांतहि मिळालीं आहेत.

विल्सननें वेंचलेले ते दगड आतां लंडनच्या सृष्टिविज्ञान संग्रहालयांत आहेत. आणि चांद्याकडील कोळशाच्या प्रदेशांत पाटीसारखा एखादा खडक फुटला, तर त्यांतून तेंच जिभेसारखें पान बाहेर येतें. मधली शीर ठळक, आणि दोन्ही बाजूंना बारीक शिरांचें जाळें.