शब्दांची उलटी बाजू – १४ : कडक साहेबाचं उलटं काय?

आज ‘ढील’ सांगायची कबूल केली होती. ती पुढे ढकलतो. पिंपळे गुरवच्या एका वाचकांनी मध्येच विचारलं, ‘मवाळ हा शब्द मावळावरून आला का? आणि तसं असेल तर मावळे एवढे तिखट कसे?’ सांगवीत राहणाऱ्या माणसाने हा प्रश्न टाळायचा कसा? आमच्या दारावरून वाहणारी पवना मावळातूनच उतरते आणि पुढे दापोडीपाशी मुळेला मिळते.

तर उत्तर आहे, नाही. मावळ म्हणजे मावळतीचा मुलूख. पुण्यातून पाहिलं की सूर्य ज्या अंगाला सह्याद्रीआड जातो, ती बाजू. मवाळाचं घराणंच वेगळं. संस्कृतातला मृदु प्राकृतात मउ झाला, मराठीत मऊ झाला, आणि मवाळ त्याच मऊच्या कुळातला. मावळ्यांचा तिखटपणा व्याकरणाच्या दृष्टीनेही शाबूत आहे.

पण या शब्दाचं नशीब बघा. कोवळ्या भेंडीला, लहान मुलाच्या गालाला शोभणारा शब्द, आणि गेली शंभर-सव्वाशे वर्षं तो चिकटला आहे काँग्रेसमधल्या एका गटाला. डिसेंबर १९०७ मध्ये नागपूरला ठरलेलं अधिवेशन सुरतेला हलवलं गेलं, तिथे जहाल आणि मवाळ समोरासमोर आले, खुर्च्या उडाल्या. भर मंडपात कुणीतरी भिरकावलेला दक्षिणी जोडा फिरोजशहा मेहता आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांना लागला. दोघेही मवाळ. शाळेत आम्ही जहाल-मवाळची जोडी पाठ केली तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलं, की जहाल म्हणजे मर्द आणि मवाळ म्हणजे अर्ज-विनंत्या करणारे. मास्तरांनी तसं सांगितलं नव्हतं. शब्दानेच सांगितलं.

आता त्या मवाळांचे पुढारी गोपाळ कृष्ण गोखले घ्या. मार्च १९११ मध्ये त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक मांडलं ते कशाचं? मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं. सक्तीच्या! पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. सरकारच्या तोंडावर सक्ती मागणारा माणूस, आणि आपण त्याला मऊच्या घरात बसवलं. त्याच मंडळींना तेव्हा ‘नेमस्त’ही म्हणत. हा शब्द मला शंभर पटींनी आवडतो. त्यात मऊपणा नाही, नेम आहे. माप कळणारा माणूस आहे. चांगला शब्द आपण पुस्तकात ठेवून दिला.

मुद्दा असा, की कडकपणाच्या उलटं बोलणारी विशेषणं मराठीत वस्तूंना छान बसतात, पण माणसाला लावली की नासतात. ‘कडक’च घ्या. कडक भाकरीच्या उलट मऊ. कडक उन्हाच्या उलट कोवळं. कडक चहाच्या उलट फिका, किंवा बनवणाऱ्यावर राग असेल तर पाणचट. कडक इस्त्रीच्या उलट चुरगळलेलं. प्रत्येक कडकला आपापलं उलटं आहे. आणि कडक साहेबाचं? मऊ साहेब म्हटलं की लोक हसतात. ढिला साहेब म्हणजे खात्याचं वाटोळं. पुढे लेचापेचा, बोटचेपा, गुळमुळीत, मिळमिळीत, अशी शिव्यांचीच उतरंड. ‘सौम्य’ राहतो, पण तो औषधाच्या बाटलीवरचा आणि वेधशाळेच्या अंदाजातला शब्द. साहेब सौम्य आहेत, असं कॅन्टीनमध्ये कुणी म्हणत नाही.

मी भोसरीच्या एका कारखान्यात अनेक वर्षं लेथवर काढली. तिथे चांगल्या साहेबाला काय म्हणत, ते आठवून पाहिलं. ‘सांभाळून घेतात.’ ‘ऐकून घेतात.’ ‘समजून घेतात.’ फार झालं तर ‘चालवून घेतात’, पण त्यात जरा चिमटा असायचा. आठवता आठवता लक्षात आलं, की यात विशेषण एकही नाही. सगळी क्रियापदं, आणि प्रत्येकाच्या शेपटाला ‘घेणे’. उलट कडक साहेब काय करतो? धरतो, कसतो, ताणतो, आवळतो, घाम काढतो. इकडे देणं-घेणं सुरू, तिकडे नुसता पाना फिरतो आहे.

आमचे उस्ताद शेवटच्या कटाच्या वेळी एकच वाक्य बोलायचे, ‘आता हलका घे.’ तिथेही घे! माप गाठायला दोन-तीन शतांश मिलिमीटर उरलं असताना जोर लावला की जॉब गेला. हलका, हळू आणि हळुवार, तिघेही संस्कृत लघूचे वंशज. लघूचा लहु झाला, आणि पुढे ल-ह ची अदलाबदल होऊन हलु. हलका माणूस मात्र वाईट. हलका हात चांगला. पुन्हा तेच, माणसावर बसलं की बिघडलं.

सरकारी कागदाने यातून आपली वाट काढली आहे. सरकार नियम कधी सैल करत नाही, ते ‘शिथिल’ करतं. २०२० साली निर्बंध शिथिल होण्याची आपण सगळ्यांनीच वाट पाहिली. गंमत म्हणजे सैल हा शिथिलचाच घासून गुळगुळीत झालेला अवतार. एकाच आईची लेकरं, एक मंत्रालयात लागला, दुसरा नाडीला. भरतीच्या जाहिरातीत तर वयोमर्यादा ‘शिथिलक्षम’ असते. या शब्दाला मी अजून हात जोडतो. मुभा आणि सवलत अरबीतून आल्या. मुळात मुबाह म्हणजे ज्याला मनाई नाही ते, आणि सुहूलत म्हणजे सोपेपणा. दोघी कचेरीत रुळल्या, पण त्याही माणसाचं वर्णन करत नाहीत. मुभा असते, माणूस मुभा नसतो.

आजोळी मात्र कोश कामाला येत नाही. बाप कडक असेल तर त्याच्यासमोर आजी उभी असते, आणि तिच्याबद्दल आपण म्हणतो, ‘ती पोटात घालते.’ घेणं नाही, घालणं. चूक उचलून सरळ आत. यापुढचा शब्द मला सापडलेला नाही.

म्हणून वाचकांनाच काम सांगतो. तुमच्याकडे, विशेषतः खानदेश, वऱ्हाड आणि कोकणातल्या घरांत, न रागावणाऱ्या माणसाला चांगल्या अर्थाने काय म्हणतात? विशेषण हवं, क्रियापद चालणार नाही. आलेले शब्द पुढच्या वेळी छापतो. ढील त्यानंतर. पतंगवाल्यांनी आणखी एक आठवडा मांजा गुंडाळून ठेवावा.